संगणकाची कुरकुर : ऐकावी किती?

तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावकडे नेलेला संगणक शाळेत प्रथमच सुरू केला, की कधी कधी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग धावू लागते. त्यांत ‘एरर’ हा शब्द वारंवार दिसतो. यंत्र बिघडले असे समजून आपण घाईने बटण बंद करतो. जरा थांबलो असतो, तर कदाचित ते नीट सुरूही झाले असते. मग या ओळी कसल्या? आणि त्या थांबवाव्यात का?

लिनक्सचे उदाहरण घेऊ. सुरू होताना तिचा गाभा, म्हणजे कर्नल, यंत्राचा एकेक भाग ओळखतो आणि जे घडेल ते स्मृतीतल्या एका वहीत नोंदवतो. प्रत्येक नोंदीला ० ते ७ असा क्रमांक असतो. ० म्हणजे यंत्रणाच कोलमडली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा आणि ७ म्हणजे बारीकसारीक तपशील. यांतल्या कोणत्या नोंदी पडद्यावर दाखवायच्या, हे मात्र वेगळे ठरवता येते.

नोंदली गेलेली प्रत्येक चूक घातक असते का? वर्गात एक खेळ करून पाहू. एका मुलाने दुसऱ्याला चार अंक सांगावेत आणि शेवटी त्यांच्या बेरजेतला एककाचा अंक सांगावा. गोंगाटात बेरीज जुळली नाही, तर दुसऱ्याने ‘पुन्हा’ म्हणावे. तिसऱ्याने प्रत्येक ‘पुन्हा’ वहीत लिहून मोठ्याने वाचावा. अंक शेवटी बरोबरच पोचतात, पण वर्ग तिसऱ्याच्या आवाजानेच भरून जातो! संगणकातील कार्डे जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गावर असेच घडते. चुकलेला संदेश पुन्हा मागवला जातो आणि ‘दुरुस्त झालेली चूक’ अशी नोंद होते. घाटातल्या धक्क्यांनी खाचेत सैल झालेले कार्ड अशा नोंदींचा पाऊस पाडू शकते.

तिसऱ्या मुलाला हळू बोलायला लावण्याचा उपाय सोपा आहे. सुरुवातीच्या ग्रब यादीत ‘ई’ ही कळ दाबावी. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून, इंग्रजी लहान अक्षरांत ‘लॉगलेव्हल=३’ असे सलग लिहावे आणि ‘एफ १०’ दाबावी. आता ३ पेक्षा लहान क्रमांकाच्या नोंदीच पडद्यावर येतात. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो, म्हणून करून पाहायला हरकत नाही. वही मात्र शाबूत राहते. डी, एम, ई, एस, जी या पाच अक्षरांची आज्ञा दिली, की ती वाचता येते.

‘पीसीआय=नोएइआर’ हा दुसरा उपाय पुष्कळजण सुचवतात. त्याने आवाजच नव्हे, तर कर्नलचे या चुकांकडे लक्ष देणेच बंद होते. तिसऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढण्यासारखेच हे!

येथेच सावध राहायला हवे. हार्ड डिस्क वाचता न आल्याची नोंदही क्रमांक ३ चीच असते. पडदा शांत केला, की तीही दिसेनाशी होते आणि एके दिवशी निकालपत्रके उघडत नाहीत. उलट, नोंदींचा पूरही धोक्याचा असतो. वहीची पाने मर्यादित असल्याने नव्या नोंदी जुन्या पुसतात, आणि त्यांत नेमकी महत्त्वाची ओळ जाऊ शकते.

म्हणून आधी वही वाचावी. वीज बंद करून, वायर काढून सैल कार्ड नीट बसवावे. चुका डिस्कच्या असतील, तर त्याच दिवशी फायलींची प्रत काढावी. एवढे झाल्यावरही दुरुस्त झालेल्या चुकांचीच कुरकुर उरली, तर पडदा खुशाल शांत करावा.