वेगाची पाटी कुणासाठी?



पुणे-बंगळूर महामार्ग, पूर्वीचा चार नंबर आणि आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. शिरवळ, खंबाटकी, सातारा, कराड, पुढे कासेगाव, नेर्ले, पेठ नाका. एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला रान, अशी कितीतरी ठिकाणं या वाटेवर आहेत. म्हणून वेगाच्या मर्यादेची गोष्ट फक्त गाडीवाल्यांची नाही, रस्ता ओलांडणाऱ्या आपलीही आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये या मर्यादा वाढवल्या. मधे दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यावर कारला तासाला १०० किलोमीटर, ट्रक-टेम्पोला ८०, मोटारसायकलला ८० आणि रिक्षाला ५० अशी कमाल मर्यादा ठरली. पण कमाल म्हणजे सगळीकडे तेवढा वेग, असं नव्हे. घाट, वळण, शाळा, गाव जिथे असेल तिथे मर्यादा कमी करता येते. तिथल्या पाटीवरचा आकडा पाळावाच लागतो.

आता एक साधा हिशेब करू. १०० च्या वेगातली गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन महामार्गाची एक बाजू ओलांडायला आपल्याला सात-आठ सेकंद तरी लागतात. तेवढ्यात ती गाडी २०० मीटर पुढे येते. म्हणजे आपण पाऊल टाकताना जी गाडी लांब ठिपक्यासारखी दिसते, ती आपण पलीकडे पोचेपर्यंत अंगाशी येते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी हा हिशेब बदलत नाही.

१० एप्रिल २०१८ ची पहाट अनेकींना आठवत असेल. खंबाटकी बोगद्याच्या पुढच्या वळणाजवळ मजुरांचा टेम्पो उलटला. कर्नाटकातल्या विजापूर भागातून पोटासाठी आलेले अठरा जण त्यात गेले. माल वाहायच्या गाडीत ना बसायला जागा असते, ना धरायला काही. भांगलणीला, ऊसतोडीला आपणही अशाच गाड्यांतून जातो. मजुरी ठरवताना गाडी कसली आणि तीत माणसं किती, हेही मुकादमाशी ठरवून घ्या. एकटीने बोललं तर तो ऐकणार नाही. दहाजणी बोलल्या तर ऐकावं लागेल.

आता दंडाचं बघू. मोटार वाहन कायदा २०१९ मध्ये बदलला आणि महाराष्ट्रात दंडाच्या वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या. कायद्यात असं आहे: वेग मोडला तर कार-जीपला १,००० ते २,००० रुपये, ट्रक-बसला २,००० ते ४,००० रुपये, पुन्हा सापडला तर लायसन जप्त. धोकादायक गाडी चालवली तर पहिल्यांदा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड. दारू पिऊन चालवली तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने कुणाचा जीव घेतला तर पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे.

धोकादायक म्हणजे नुसता वेग नव्हे. सिग्नल तोडणं, मोबाईल हातात धरणं आणि उलट्या बाजूने गाडी घालणं हेही त्यातच येतं. वळण लांब आहे म्हणून चार पावलं उलटं जाणारे आपल्याच घरातले असतात, हे विसरू नका.

आणि पोराच्या हातात गाडी देताना तर दहादा विचार करा. लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. गाडी बचतगटाच्या कर्जातून आपल्या नावावर घेतली असेल, तर ऑनलाइन चलनाचा मेसेजही आपल्याच मोबाईलवर येणार.

दोन गोष्टी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. अपघातातल्या माणसाला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत, म्हणून मदतीला घाबरू नका. आणि ठोकर देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पासूनची ही रक्कम आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. त्यासाठी पोलिसांत नोंद झालेली हवी, ती आधी करून घ्या.

येत्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं एवढंच बोला: आपल्या गावच्या बायका रस्ता कुठे ओलांडतात, तिथे वेगाची पाटी आहे का, रात्री दिवा आहे का. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची प्रत महामार्ग विभागाला व पोलीस ठाण्याला देऊन पोच घ्या. पोच फाइलला लावली, की पुढच्या बैठकीत विचारायला हातात कागद असतो.