दोन सिहोरा, एक सभागृह

जबलपूरहून कटनीकडे जाणारी गाडी साधारण चाळीस किलोमीटरवर सिहोरा रोड स्टेशनात थांबते. भोवती गहू, धान आणि मटारची शेते, जवळून वाहणारी हिरण नदी, गोसलपूरच्या अंगाला लोहखनिजाच्या खाणी. तहसिलीचे गाव आहे, आणि आपला वेगळा जिल्हा व्हावा ही इथल्या लोकांची जुनी मागणी आहे. दुसरे सिहोरा आपल्याकडे आहे, भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, चांदपूरच्या जलाशयाजवळ. तिथली मुख्य शेती धानाची. नाव एकच असल्यामुळे नकाशावर बोट ठेवताना घोटाळा होतो, पण या घोटाळ्यातच आपल्या विषयाची गंमत दडलेली आहे.

१ नोव्हेंबर १९५६ उजाडेपर्यंत ही दोन्ही सिहोरा एकाच राज्यात होती. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. आज डिसेंबरात महाराष्ट्राचे हिवाळी अधिवेशन भरते त्या नागपूरच्या विधान भवनात तेव्हा जबलपूर, सागर, रायपूर, अमरावती, अकोला असे सगळीकडचे सदस्य बसत. जबलपूरकडच्या सिहोऱ्यातली विहीर आटली किंवा शाळेला मास्तर मिळाला नाही, तर त्याचा जाब नागपुरात विचारला जाई, आणि भंडाऱ्याकडच्या सिहोऱ्याचाही तिथेच. १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना मान होता. राज्य पुनर्रचनेत एक सिहोरा भोपाळला जोडले गेले, दुसरे मुंबईला. प्रश्न विचारण्याची रीत मात्र दोघांनी बरोबर नेली.

ही रीत नीट समजून घेण्याजोगी आहे. आमदाराने मंत्र्याला विचारलेला प्रश्न म्हणजे टीव्हीवर दिसणारा गोंधळ, असा समज पसरला आहे. तो मला फार खटकतो, कारण गोंधळ दिसतो आणि प्रश्न दिसत नाही.

आपल्या देशातला विधिमंडळातला पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना हा अधिकार नुकताच मिळाला होता. भिनगाच्या राजांनी व्हाइसरॉयच्या परिषदेत विचारले, की दौऱ्यावर निघालेल्या साहेबांच्या छावण्यांना रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना जो जाच होतो त्याचे सरकार काय करणार? साम्राज्य, लष्कर, सीमा असे मोठमोठे विषय समोर असताना पहिला प्रश्न निघाला तो वाण्याच्या दुकानातल्या पीठ-तुपाचा. प्रश्नोत्तरांचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो. सरकार नावाची प्रचंड वस्तू माणसाच्या दाराशी येते तेव्हा ती काय करते, एवढेच विचारायचे असते.

त्या वेळी उत्तर मिळाले की विषय संपे. उत्तरावर उलट विचारायची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि पुढे १९१९ च्या कायद्यानंतर कोणत्याही सदस्याला. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर चांदणी काढण्याची पद्धतही त्याच सुमारास, १९२१ मध्ये, सुरू झाली. तिच्यावरूनच ‘तारांकित’ हा शब्द आला आणि तो हिंदीत आणि मराठीत सारखाच रुळला.

मध्य प्रांताला स्वतःची परिषद १९१४ मध्ये मिळाली. १९२१ मध्ये गंगाधरराव चिटणवीस तिचे अध्यक्ष झाले, त्यांच्यानंतर श्रीपाद बळवंत तांबे. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला इथे बहुमत मिळाले आणि मार्च १९२४ मध्ये परिषदेने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये केला. पगार कापण्याचे हे हत्यार आज ‘कपात सूचना’ या नावाने नियमांत आहे. पण ज्याच्या हाती बहुमत नाही त्याच्या हाती काय उरते? प्रश्न. विधिमंडळात एकट्या माणसाला, पक्षाच्या बळाशिवाय, मंत्र्याला उभे करता येते ते याच एका साधनाने.

आता प्रश्नाचा कागद पाहू. महाराष्ट्रात त्याची सुरुवात ठरलेली असते: ‘सन्माननीय जलसंपदा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. मग क्रमांक घालून, अमुक कालव्याचे काम अमुक वर्षापासून रखडले आहे, हे खरे आहे काय. असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? भोपाळमध्ये तोच प्रश्न ‘क्या मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि’ असा सुरू होतो आणि (क), (ख), (ग) अशा भागांत उतरत जातो. वाचायला रुक्ष वाटणारी ही वाक्ये फार विचाराने घडवलेली आहेत. प्रश्नात युक्तिवाद चालत नाही, मत विचारता येत नाही, टोमणा मारता येत नाही, ‘समजा असे झाले तर’ म्हणता येत नाही, न्यायालयापुढे असलेल्या बाबीत शिरता येत नाही. एवढे सगळे वजा केले की उरते ती वस्तुस्थिती, आणि मंत्र्याला तिच्यावर ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणावे लागते.

उत्तरांचीही एक भाषा आहे. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. छापील प्रश्नोत्तरे वाचण्याची सवय असलेला माणूस ‘अंशतः’ या शब्दाशी थांबतो. कोणता अंश खरा, हे काढून घेण्यासाठी उपप्रश्न असतो. भोपाळच्या उत्तरांत ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ हे वाक्य पानोपानी भेटते. माहिती गोळा होत आहे म्हणजे आज ती देता येत नाही. असे उत्तर हे आश्वासन धरले जाते आणि ते पुरे झाले का हे पाहायला आश्वासन समिती असते. लोकसभेने अशी समिती १९५३ मध्ये नेमली आणि राज्यांतही तशा समित्या आहेत. तिचे अहवाल बातम्यांत क्वचितच येतात. आले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते, कारण मंत्र्याचा शब्द पुढे कुठे गेला याची नोंद तिथेच सापडते.

सभागृहात दोन मिनिटांत संपणाऱ्या उत्तरामागे खाली काय घडते? विधिमंडळाच्या सचिवालयातून प्रश्न विभागाकडे जातो, विभागाकडून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला. कचेरीत ‘एलएक्यू आला’, म्हणजे विधानसभेचा प्रश्न आला, एवढे म्हटले की बाकीचे कागद बाजूला सरकतात. सिहोऱ्याच्या रुग्णालयात किती डॉक्टर हवेत आणि किती आहेत, हे गावातल्या माणसाने अर्ज करून विचारले तर उत्तर यायला महिने लागू शकतात. तेच विधानसभेत विचारले गेले की मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे असा तक्ता ठरलेल्या तारखेला तयार करावाच लागतो. तो तालुक्यातून वर सरकत मंत्रालयात पोचतो, तिथे कक्ष अधिकारी उत्तराचा मसुदा करतो आणि सोबत मंत्र्यासाठी टिपणी जोडतो. कोणता उपप्रश्न येऊ शकेल याचा अंदाज त्या टिपणीत बांधलेला असतो. चांगला आमदार त्या टिपणीत नसलेला प्रश्न विचारतो. त्यासाठी गावात जाऊन कालव्याच्या काठाने चालावे लागते. विषयाचा अभ्यास करून शांतपणे बोलणारी माणसे महाराष्ट्राच्या सभागृहाने पाहिली आहेत. सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख त्यांतले एक.

मंत्र्याचे उत्तर अपुरे वाटले तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, म्हणजे मंत्र्याने पुन्हा तयारी करून यायचे. त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीची बाब असेल तर लक्षवेधी सूचना. ही लक्षवेधी आपल्याच संसदेने घडवलेली आहे, ब्रिटिशांकडून घेतलेली नाही.

एका प्रश्नाने काय होऊ शकते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे मुंदडा प्रकरण. त्यातला एक धागा मला विलक्षण वाटतो. १९५१ मध्ये मुंबईचे एक संसद सदस्य, एच. जी. मुदगल, यांच्यावर आरोप आला की मुंबईतल्या सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांनी सभागृहात प्रश्न विचारले. चौकशीसाठी संसदेने समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. आरोप खरा ठरला, पंडित नेहरूंनी स्वतः ठराव मांडला आणि मुदगल यांनी राजीनामा दिला. पुढे कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत त्यांच्या खात्याला विचारले गेले, की आयुर्विमा महामंडळाने एका खासगी उद्योगपतीच्या कंपन्यांत पैसे गुंतवले आहेत काय? उत्तर आले ते समाधान न करणारे. खासदार फिरोज गांधींनी तो धागा सोडला नाही. १६ डिसेंबर १९५७ रोजी त्यांनी मुंदडांच्या कंपन्यांशी झालेल्या सव्वा कोटी रुपयांच्या या व्यवहाराचा तपशील सभागृहापुढे ठेवला. स्वतःच्याच पक्षाचे सरकार आणि पंतप्रधान स्वतःचे सासरे. न्यायमूर्ती छागला यांची एकसदस्य चौकशी मुंबईत जाहीरपणे झाली, आत जागा पुरेना म्हणून बाहेर कर्णे लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी पायउतार झाले. प्रश्न विकला जाऊ नये यासाठी ज्यांनी निवाडा केला, त्यांनाच सात वर्षांनी एका न विकलेल्या प्रश्नाने मंत्रिपद सोडावे लागले.

हा रोग मात्र मुदगल यांच्याबरोबर गेला नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा खासदारांना घालवले. प्रश्नाला किंमत आहे हे विकत घेणाऱ्यांना ठाऊक असते. मतदारांनाही ते ठाऊक हवे.

आज या साधनाची धार बोथट होते आहे ती वेगळ्या कारणाने. लोकसभेत रोज तोंडी उत्तरासाठी वीस प्रश्न लागतात, त्यांतले चार-पाच घेता आले तरी खूप. उरलेल्यांची उत्तरे नुसती छापली जातात. भोपाळच्या रोजच्या यादीत पंचवीस तारांकित प्रश्न असतात आणि तिथेही घड्याळ तेच. अधिवेशने आटोपती घ्यायची चाल पडली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये साथीचे कारण देऊन संसदेने प्रश्नोत्तराचा तासच घेतला नाही, फक्त लेखी उत्तरे चालू ठेवली. ते मला चुकीचे वाटले आणि आजही वाटते. रुग्णालये, प्राणवायू, गावी चालत निघालेले मजूर, इतके विचारण्यासारखे त्याआधी कधी होते?

आणखी एक गोष्ट हळूच गेली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात, वैयक्तिक माहितीसंबंधीच्या कलमापाशी, एक सुंदर वाक्य होते: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. आमदार आणि सामान्य माणूस यांना एका पायरीवर आणणारे ते वाक्य. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलमच बदलले आणि हे वाक्य त्यातून गेले. आता आमदाराच्या प्रश्नावरची जबाबदारी आणखी वाढली आहे.

म्हणून पुन्हा दोन सिहोऱ्यांकडे येतो. जबलपूरकडच्या सिहोऱ्याच्या शेतकऱ्याचे डोळे नर्मदेकडे लागलेले. तिच्यावरचे बरगी धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी पुढे कटनी, सतना, रीव्याकडे न्यायचे, तर वाटेत स्लीमनाबादचा डोंगर. त्यासाठी सुमारे बारा किलोमीटरचा बोगदा खोदायचे काम २००८ मध्ये दिले गेले आणि मुदत उलटल्यावरही वर्षानुवर्षे चालत राहिले. भंडाऱ्याकडच्या सिहोऱ्याला चांदपूरचे पाणी आहे, आणि त्याच तुमसरच्या पट्ट्यात बावनथडी प्रकल्प आहे. तो महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोघांचा. धरण एक, पाण्याचे वाटेकरी दोन, आणि त्यावर प्रश्न विचारायची सभागृहेही दोन. नागपुरात मंत्री एक आकडा सांगतो, भोपाळमध्ये दुसरा मंत्री दुसरा आकडा सांगू शकतो, आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचण्याचे काम कोणी आपणहून करत नाही. १९५६ पूर्वी एकाच मंत्र्याला एकाच सभागृहात दोन्ही काठांचे उत्तर द्यावे लागले असते.

ते काम आता कोणीही करू शकतो, कारण दोन्ही विधिमंडळांची प्रश्नोत्तरे इंटरनेटवर उघडी आहेत. तुमसरकडचा शेतकरी हिवाळी अधिवेशनासाठी सकाळच्या एसटीने नागपूरला निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत निवेदन असते. निवेदनाला पोच मिळते. त्याऐवजी त्याने आमदाराच्या हाती एक पान द्यावे: मागच्या अधिवेशनातल्या उत्तराचा क्रमांक, त्यात मंत्र्याने दिलेली तारीख, आज वितरिकेत पाणी नेमके कोणत्या किलोमीटरपर्यंत येते त्याचा फोटो, आणि खाली लिहिलेला प्रश्न. उर्वरित काम उक्त तारखेस पूर्ण झाले आहे, हे खरे आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?