डॉक्टर कुठून येतो?

नीटचा निकाल लागला की महिनाभर घराघरांत एकच विषय असतो. कटऑफ कितीवर गेला, रिपीट करायचं की बीडीएस घ्यायचं, खासगी कॉलेजची फी कुठून आणायची. निवड झालेली मुलं कुठल्या तालुक्यांतली, घरी कुठली भाषा बोलणारी, याची चर्चा झालीच तर 'कुणाची जागा कुणी घेतली' या थाटात होते. खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूने हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही तयार नसलेल्या बायकांना तपासणार कोण, या विचारानेच आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. प्रॅक्टिस करणं नशिबी नव्हतं. ते काम रखमाबाईंनी केलं. लंडनला शिकून येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटच्या स्त्रियांसाठी उभं आयुष्य घातलं. आपण मात्र त्यांना बहुतेकदा लहानपणी लावलेलं लग्न नाकारल्याच्या खटल्यापुरतं आठवतो.

शंभर वर्षांनी हाच धागा गडचिरोलीत सापडतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेले निष्कर्ष असे: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेला ग्रामीण बाई दिसायची ती बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरती. अंगावरून जातं, कंबर धरते, हे सांगायला समोर ऐकणारी बाई लागते, आणि ती गावाजवळ राहणारी असावी लागते.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन देणं. या आरोग्यदूतांच्या गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. बायकांच्या हाती सुई दिली म्हणून नाकं मुरडणारे तेव्हा कमी नव्हते. आज देशभरच्या 'आशा' कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जातात त्यामागे हे काम आहे. बंग दांपत्याच्या शोधग्राममधला दवाखानाही बघण्यासारखा. वॉर्ड झोपड्यांसारखे, रुग्णासोबत घरच्यांनी राहायची सोय, आणि दवाखान्याला नाव आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं. आरोग्यशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एमबीबीएसच येतं, ते या कामापुढे फार तोकडं वाटतं.

तरी एमबीबीएसला वळसा घालून चालत नाही. शासकीय जागांत अनुसूचित जमातींना ७ टक्के, अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे, आणि ते नसतं तर वर्गाचा चेहरा आजही ठरावीक आडनावांचाच राहिला असता, याबद्दल मला शंका नाही. पण एकट्या आरक्षणाने भूगोल सांभाळला जात नाही. नंदुरबारचा पावरा मुलगा, धारणीची कोरकू मुलगी आणि पुण्यात वाढलेला आदिवासी अधिकाऱ्याचा मुलगा एकाच राखीव यादीत असतात. लातूरला किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात शिकवणीची दोन वर्षं परवडणारा पुढे निघतो. पूर्वी प्रादेशिक ७०:३० कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून तिथल्या मुलांवर त्यात अन्याय व्हायचा. २०२० साली तो रद्द झाला ते बरंच झालं. मात्र 'आपल्या भागाचा डॉक्टर' ही कल्पनाही त्याबरोबर बासनात गेली.

त्या कल्पनेचं मोल वॉर्डात कळतं. मेळघाटातून रेफर झालेली बाई शहरातल्या इस्पितळात येते. ती कोरकूत भरभरून बोलते. सोबतचा भाचा सगळं ऐकून इंटर्नला सांगतो, 'पोट दुखतं म्हणते.' केसपेपरवर तेवढंच उतरतं. इंटर्न परराज्यातून अखिल भारतीय कोट्यातून आलेला असेल तर भाच्याची मराठीही त्याला अर्धीच समजते. यात त्या पोराचा काय दोष? त्याला मराठीची पुस्तिका मिळते, पण कोरकू, माडिया, पावरी शिकवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि यादीत नाव लागलं म्हणजे दार उघडलं असंही नाही. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तडवी भिल्ल समाजातल्या एका तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. अशा मुलींसाठी डॉक्टर होणं जितकं अवघड, तितकंच हॉस्टेलमध्ये टिकणं अवघड. प्रवेशाच्या चर्चेत हॉस्टेलचा 'ह'ही निघत नाही.

पाठ्यक्रमाची अवस्था याहून वेगळी नाही. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात समलैंगिक संबंध पुन्हा 'अनैसर्गिक गुन्ह्यां'त घातले आणि ओरड होताच काही दिवसांत मागे घेतले. अपंग विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचंही तेच. दोन्ही हात धडधाकट हवेत, या अटीवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली कोरडे ओढले. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं होतं की, अपंगत्वाची टक्केवारी बघून दार लावू नका, तो शिकू शकतो का ते तपासा. स्वतः पोळलेला किंवा कुबडी वापरणारा डॉक्टर रुग्णाला नको असतो, हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक.

गावासाठी डॉक्टर कुठून आणायचा, याबद्दल जागतिक आरोग्य संघटना तर कधीपासून सांगते आहे की, ग्रामीण भागातली मुलं घ्या, त्यांना ग्रामीण भागातच शिकवा. कॅनडातल्या उत्तर ओंटारियोत २००५ साली याच हिशेबाने कॉलेज निघालं. तिथले विद्यार्थी पहिल्या वर्षी चार आठवडे आदिवासी वस्तीत राहतात. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजने मुलांना गावात नेण्याचं हे काम १९६९ पासून केलं आहे. डॉ. सुशीला नय्यर यांच्या त्या कॉलेजात मुलांची सुरुवात गांधीजींच्या आश्रमातल्या शिबिराने होते, मग एक गाव, त्यातली कुटुंबं आणि तिथे वारंवार जाणं. प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा पेपरही असे. नीट आली आणि तो गेला. कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना आता देशभरच्या अभ्यासक्रमात आली आहे. काही कॉलेजांत तिची गत एनएसएसच्या शिबिरासारखी होते: बस, फॉर्म, ग्रुप फोटो.

गडचिरोलीला आता स्वतःचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. २०२४ साली १०० जागांनी सुरू झालं. नंदुरबारला त्याआधीच, २०२० साली. पण जागा भरतात त्याच नीटच्या यादीतून, त्याच फेऱ्यांतून. भामरागड किंवा एटापल्लीच्या मुलांसाठी त्यात वेगळी सोय करायची असेल, तर अकरावीपासूनची शिकवणी, हॉस्टेल आणि प्राध्यापकांच्या नेमणुका हे सगळं एकत्र धरावं लागेल. पहिली तुकडी इंटर्नशिप आटोपून २०३०च्या आसपास बाहेर पडेल. तेव्हा तिच्या बंधपत्रित सेवेच्या नेमणुकांची यादी मागवून बघावी, आणि वर्ष संपल्यावर भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयात त्यातलं कोण उरलं, तेही.