दाब दुप्पट, पण ऊर्जा जाते कुठे?

माढा, प्रतिनिधी : पंपाचे महत्त्व माढा तालुक्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. उजनीचे पाणी उपसून कोरडवाहू शिवारापर्यंत नेणारी सीना-माढा उपसा सिंचन योजना याच भागातील. मोबाइल आणि बॅटरीवरील छोट्या उपकरणांतही असाच एक पंप असतो. तो पाण्याऐवजी विजेचा दाब चढवितो. 'चार्ज पंप' हे त्याचे नाव. रात्रीच्या विजेवर दारे धरायला निघालेल्याच्या हातातील दिवा अशा पंपावर चालत असेल, तर तो किती वेळ तग धरणार, हे पंपाच्या कार्यक्षमतेवरही अवलंबून असते.

त्याची रचना सोपी आहे. कपॅसिटर आधी बॅटरीला जोडून भरायचा आणि मग तोच बॅटरीच्या डोक्यावर चढवायचा. दोघांचा दाब मिळून दुप्पट होतो. इलेक्ट्रॉनिक स्विच ही अदलाबदल सेकंदाला हजारो वेळा करतात. तारेचे वेटोळे लागत नाही, हा मोठा फायदा. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ मध्ये अणुकेंद्र फोडण्यासाठी लाखो व्होल्टचा दाब मिळविला, तोही कपॅसिटरच्या अशाच उतरंडीतून.

मात्र दाब फुकट वाढत नाही. शेजारी दोन सारखे हौद आहेत, एकात दोन मीटर पाणी आणि दुसरा रिकामा, अशी कल्पना करावी. मधली झडप उघडताच दोन्हींत एकेक मीटर पाणी येते. थेंबही सांडत नाही, तरी साठलेली ऊर्जा निम्मी होते. झडप लहान असो वा मोठी, तोटा तेवढाच! हौदांत मुळात दोन मीटर आणि १.९ मीटर पाणी असते, तर हजारात एक भागदेखील ऊर्जा गेली नसती. म्हणूनच कपॅसिटर मोठे घेतात आणि स्विच वेगाने चालवितात. अर्थात, वेग फार वाढविला की खुद्द स्विचच वीज खाऊ लागतात.

खरी मेख गुणोत्तरात आहे. पांढऱ्या एलईडीला ३.४ व्होल्ट हवेत आणि बॅटरी ३.७ व्होल्टची आहे, असे समजा. दुप्पट केल्यास दाब ७.४ होतो, जादा दाबाची उष्णता होऊन कार्यक्षमता जेमतेम ४६ टक्के उरते. दीडपट केल्यास ती ६१ टक्के, तर पंप वगळून थेट जोडल्यास सुमारे ९२ टक्के मिळते. स्विचचा खर्च यात धरलेलाच नाही. त्यामुळे बऱ्या चिप बॅटरीचा दाब पाहून गुणोत्तर बदलतात.

अलीकडच्या मोबाइलच्या जलद चार्जिंगमध्ये हाच पंप उलटा चालतो. तो सुमारे नऊ व्होल्टचा दाब निम्मा आणि प्रवाह दुप्पट करतो. तेथे चार्जरच आपला दाब बॅटरीच्या दुपटीशी जुळवून घेतो आणि कार्यक्षमता ९७ टक्क्यांच्या आसपास जाते.

दिव्याच्या बॅटरीला ही सोय नाही. माहितीपत्रकातील ९० टक्क्यांपुढचा आकडा बहुधा दाब नेमका जुळतो तेव्हाचा असतो. रात्र सरता सरता बॅटरी ३.३ व्होल्टपर्यंत उतरली की थेट जोडणी पुरत नाही. पंप दीडपटीवर जातो आणि कार्यक्षमता ६९ टक्क्यांवर घसरते.