मुक्काम बिल्ड सर्व्हर

विंडोज प्रणालीवर ‘व्हिज्युअल सी++’ वापरून लिहिलेला आपला प्रोग्रॅम चालवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एखादे वेळी अकस्मात एक चौकट उघडते. ‘डीबग असर्शन फेल्ड’ असा तिच्यातील मजकुराचा आरंभ असतो. त्याखाली प्रोग्रॅमचे नाव, त्याखाली एका फाइलचा सबंध मार्ग आणि मग ओळीचा क्रमांक. सन २०१०च्या सुमारास प्रचारात असलेल्या आवृत्त्यांत हा मार्ग ‘एफ:\डीडी\व्हीसीटूल्स’ अशा अक्षरांनी सुरू होत असे. ज्याच्या संगणकाला सी आणि डी यांपलीकडे ड्राइव्हच नाही, त्याने हा एफ ड्राइव्ह कोठून उपटला म्हणून गोंधळून जावे यात नवल नाही. आणि मग कोणी बसवलेले सारे काढून पुन्हा बसवतो, तर कोणी व्हायरसचा संशय घेऊन सगळा संगणक तपासू लागतो.

वस्तुतः तो मार्ग विद्यार्थ्याच्या संगणकावरचा नव्हेच. व्हिज्युअल सी++बरोबर येणारी मूळ लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या ज्या यंत्रावर कंपाइल झाली, त्या यंत्रावर तिचा सोर्स ज्या फोल्डरात होता, त्याचा तो पत्ता. जुन्या मराठी दफ्तरांतील पत्रांत ‘मुक्काम’ म्हणून जे गाव नोंदलेले असते, त्या गावी पत्रलेखक आज सापडेल अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही; परंतु ते पत्र कोठे आणि कोणत्या स्वारीत लिहिले गेले हे ठरवताना इतिहाससंशोधकाला तोच एक शब्द भरवशाचा आधार होतो. त्रुटिसंदेशातील मार्गाचे मोल नेमके असेच आहे. त्या वाटेने चालू गेल्यास काही हाती लागत नाही. परंतु हा भाग कोणाचा, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या ओळीवर अडला, याचा इतका बिनचूक दाखला संदेशात दुसरा नसतो. संगणकाशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे अशा पुष्कळांनाही हा दाखला वाचता येत नाही, याचे मला वाईट वाटते, आणि या लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

हा मार्ग प्रोग्रॅमच्या पोटात शिरतो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. सी भाषेत दोन्ही बाजूंना दोन दोन अधोरेषा जोडून लिहावयाचा ‘फाइल’ असा एक सांकेतिक शब्द आहे. सन १९८९मध्ये अमेरिकेत या भाषेचे जे मानक सिद्ध झाले त्यात त्याला जागा मिळाली. कंपायलरला हा शब्द दिसला की तो त्याच्या ठिकाणी चालू सोर्स फाइलचे नाव घालतो. आणि हे नाव म्हणजे, ती फाइल कंपायलरच्या हवाली करताना जो मार्ग सांगितला गेला, तो जसाच्या तसा. बिल्डच्या आज्ञेत ड्राइव्हपासूनचा पूर्ण मार्ग असेल तर पूर्ण, आणि चालू फोल्डरापासूनचा तुटक मार्ग असेल तर तुटक. ‘असर्ट’ नावाची जी तपासणी प्रोग्रॅमर जागोजागी पेरून ठेवतात, ती फसली म्हणजे फसलेली अट, फाइलचे हे नाव आणि ओळीचा क्रमांक छापून प्रोग्रॅम थांबतो. हे नाव साध्या अक्षरमालेच्या रूपाने तयार प्रोग्रॅममध्ये राहते, आणि म्हणून डीबग माहिती वगळून टाकली तरी ते नाहीसे होत नाही.

दुसरी वाट डीबग माहितीची. प्रोग्रॅममधील अमुक यंत्रादेश सोर्समधील अमुक ओळीतून उतरला, याची सविस्तर नोंद कंपायलर मागितल्यास करून ठेवतो. लिनक्सवर ती ‘ड्वॉर्फ’ नावाच्या पद्धतीने प्रोग्रॅममध्येच, किंवा वेगळ्या फाइलीत, लिहिली जाते, आणि तीत कंपाइल करतेवेळचे चालू फोल्डर स्वतंत्र रकान्यात नोंदलेले असते. विंडोजवर हेच काम ‘पीडीबी’ फाइल करते. डॉटनेटवर चालणाऱ्या एखाद्या कचेरीच्या सर्व्हरवर ‘डीएलएल’च्या शेजारी तिची पीडीबी ठेवली असेल, तर त्रुटी उद्भवताच स्टॅक ट्रेसमध्ये फाइलचा मार्ग आणि ओळ उमटते, ती नसेल तर केवळ फंक्शनांची नावे उमटतात. आता हा मार्ग ‘सी:\बिल्डएजंट\वर्क’ आणि त्यापुढे सोळा अर्थशून्य अक्षरांचे फोल्डर असा निघाला, की सर्व्हर सांभाळणारा इसम आपल्या सर्व्हरवर ते फोल्डर शोधू लागतो, ते न मिळाल्याने मांडणीच्या फाइलींत त्याचा उल्लेख धुंडाळतो, आणि तेथेही तो न सापडल्यामुळे अधिकच चक्रावतो. टीमसिटी नावाच्या बिल्ड व्यवस्थेची ही नित्याची फोल्डररचना आहे, एवढे ठाऊक असते तर हा सारा खटाटोप वाचला असता. जावाने या बाबतीत आरंभापासून संयम राखला: तिच्या क्लास फाइलीत सोर्स फाइलीचे नुसते नाव नोंदले जाते, तिचा मार्ग नोंदला जात नाही.

बिल्ड सर्व्हर म्हणजे सोर्स आणून त्यापासून चालण्याजोगा प्रोग्रॅम सिद्ध करण्याच्या एकाच कामाला लावलेले यंत्र. माणसाच्या टेबलावरील संगणकात काल काय बसवले आणि आज काय बदलले याचा भरवसा नसतो. म्हणून लोकांच्या हाती द्यावयाचा प्रोग्रॅम अशा तिऱ्हाईत यंत्रावरच घडवावा, हा शिरस्ता आता सर्वत्र रुजला आहे. या यंत्रांच्या चालीरीती ठरलेल्या असल्यामुळे मार्गाच्या पहिल्या दोन-तीन शब्दांवरून त्यांची ओळख पटते. मार्गात ‘जेनकिन्स’ आणि पाठोपाठ ‘वर्कस्पेस’ दिसले, तर ते काम जेनकिन्सचे. सन २०११पर्यंत हडसन या नावाने वाढलेला हा प्रकल्प त्या वर्षी नाव बदलून वेगळा झाला. ‘/होम/रनर/वर्क’ आणि त्यानंतर प्रकल्पाचे एकच नाव लागोपाठ दोनदा आले, तर ती गिटहबची यंत्रे. ‘/होम/ट्रॅव्हिस/बिल्ड’ ही ट्रॅव्हिसची खूण, आणि ‘सी:\प्रोजेक्ट्स’ बहुधा ॲपव्हेयरची. पुष्कळ ठिकाणी हे यंत्र खरे यंत्रही नसते: एका कामापुरते ते मोठ्या संगणकाच्या पोटात निर्माण होते आणि काम संपताच मोडून टाकले जाते. त्रुटिसंदेश वाचकाच्या डोळ्यांपुढे येतो तेव्हा त्यातील फोल्डर जगात कोठेही शिल्लक नसते.

सर्वांत अधिक माणसे अडखळतात ती लिनक्सवर, जीडीबी नावाच्या डीबगरापाशी, आणि म्हणून येथे थोडे थांबणे अवश्य आहे. प्रोग्रॅम कोसळतो, जीडीबी उघडावा तर त्याच्या पडद्यावर, विशेषतः काही वर्षांपूर्वीच्या प्रणालींवर, शेवटची ओळ अशी येते, की ‘../सिसडेप्स/युनिक्स/सिसव्ही/लिनक्स/रेझ.सी’ अशी कोणतीही फाइल अथवा फोल्डर नाही. वाचणारा स्वाभाविकपणे समजतो की ही फाइल नसल्यामुळेच प्रोग्रॅम कोसळला, आणि ती मिळवून कोठेतरी ठेवावी या उद्योगाला लागतो. प्रत्यक्षात येथे दोन निरनिराळ्या घटना एका पडद्यावर एकत्र आल्या आहेत. प्रोग्रॅमने स्वतःला संपवण्याचा संकेत पाठवला, तो पाठवणारे फंक्शन ग्लिबसी या मूळ लायब्ररीत आहे, आणि प्रोग्रॅम तेथे थांबला आहे, ही पहिली घटना. त्या जागेचा सोर्स दाखवावा म्हणून जीडीबीने नोंदलेला मार्ग उघडून पाहिला आणि तो त्याला सापडला नाही, ही दुसरी. तक्रार जीडीबीची आहे. प्रोग्रॅमच्या मरणाशी तिचा काडीचा संबंध नाही. अशा वेळी स्टॅकची यादी मागवावी, ‘रेझ’ आणि ‘अबॉर्ट’ ही लायब्ररीतील फंक्शने ओलांडून मागे मागे जावे, आणि जेथे आपल्या स्वतःच्या फाइलीचे नाव प्रथम भेटेल तेथे मुक्काम करावा. दोष बहुधा तेथे किंवा त्याच्या अलीकडेपलीकडेच असतो. लायब्ररीचा सोर्स पाहणे खरोखरीच गरजेचे झाले तर त्याचीही तजवीज आहे: जुना मार्ग आणि त्याच्या जागी धरावयाचा नवा मार्ग अशी जोडी जीडीबीला सांगता येते, किंवा सन २०१९पासून उपलब्ध झालेल्या डीबगइन्फोडी या सेवेकडून नेमका त्या बिल्डचा सोर्स मागवता येतो.

यावरून वाचनाची रीत निघते, आणि ती नेहमीच्या सवयीच्या उलट आहे: मार्ग शेवटाकडून आरंभाकडे वाचावा. शेवटी फाइल आणि ओळ; त्याआधीचे दोन-तीन फोल्डर म्हणजे प्रकल्पातील विभाग; आणि त्याहीआधीचे जे असेल ते बिल्ड सर्व्हरचे, म्हणजे आपल्या दृष्टीने टाकाऊ. ओळीच्या क्रमांकाची रुजवात मात्र त्याच आवृत्तीच्या सोर्सशी घालावी, कारण आज उपलब्ध असलेल्या ताज्या सोर्समध्ये त्या क्रमांकावर भलतीच ओळ असणे अगदी संभवनीय असते. हा दाखला रस्ट भाषेने फार चोख ठेवला आहे. तिच्या मूळ लायब्ररीतील त्रुटीचा मार्ग ‘/रस्टसी/’ आणि त्यापुढे चाळीस अक्षरांची एक खूण असा सुरू होतो. ती खूण म्हणजे ज्या स्थितीतील सोर्सपासून तो कंपायलर आणि ती लायब्ररी बांधली गेली, त्या नेमक्या नोंदीचा गिटमधील क्रमांक. याउलट पायथनमध्ये पांडास ही लायब्ररी वापरणाऱ्यांना, नसलेला स्तंभ मागितला असता, ‘हॅशटेबल_क्लास_हेल्पर.पीएक्सआय’ अशी फाइल आणि काही हजारांतील ओळ दाखवली जाते. ही फाइल प्रकल्पाच्या सोर्समध्येही नाही, कारण एका साच्यावरून बिल्डच्या वेळी ती निर्माण होते. तेथे शोध घेण्यात काही हशील नाही; चूक आपल्या स्तंभाच्या नावात असते.

दाखला बोलका असतो, म्हणजे जे सांगू नये तेही तो सांगतो. सन २०१०मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या एका ड्रायव्हरमध्ये ‘बी:\मायर्टस\एसआरसी’ असा आरंभ आणि ‘ग्वाव्हा.पीडीबी’ असा शेवट असलेला मार्ग राहून गेला होता. मायर्टस हे मेंदीसारख्या एका झुडपाचे नाव, आणि पेरू त्याच्याच कुळातला. पण काहींनी त्याचा धागा बायबलमधील एस्तेर राणीच्या, त्याच झुडपाचा अर्थ असलेल्या, हिब्रू नावाशी जोडून कर्त्यांचा देश ठरवला. सिमँटेक कंपनीच्या अहवालाने मात्र, दुसऱ्यावर संशय ढकलण्यासाठी असे मुद्दाम पेरलेले असू शकते, असा इशारा दिला, आणि मला तोच विवेक ग्राह्य वाटतो. सन २०१२मध्ये सौदी अरामकोचे हजारो संगणक पुसून टाकणाऱ्या शमूनला तर त्याचे नावच त्याच्या पोटातील पीडीबीच्या मार्गातून मिळाले. घातकी नसलेल्या प्रोग्रॅमांतूनही कर्मचाऱ्याचे लॉगिन नाव, खात्याचे नाव किंवा अद्याप जाहीर न केलेल्या प्रकल्पाचे नाव अशा मार्गांतून बाहेर पडते. म्हणून संपूर्ण स्टॅक ट्रेस ग्राहकाच्या पडद्यावर छापू नये, तो सर्व्हरच्या नोंदवहीतच राहावा, असा सुरक्षिततेच्या जाणकारांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे.

याहून सूक्ष्म अडचण पुनरुत्पादनाची. एकच सोर्स दोन यंत्रांवर बांधला तर तयार होणारे प्रोग्रॅम बिटाबिटाने सारखे निघाले पाहिजेत, तरच मध्ये कोणी काही मिसळले नाही याची खातरी त्रयस्थाला करून घेता येते. या दिशेने डेबियन प्रकल्पात सन २०१३पासून काम सुरू झाले, तेव्हा तारीख आणि वेळ यांच्या जोडीला बिल्डचा मार्ग हा मोठा अडसर ठरला. यंत्रागणिक फोल्डर निराळे, म्हणून प्रोग्रॅमही निराळा. सन २०१८मधील जीसीसी ८ या कंपायलरने मार्गाचा आरंभीचा भाग दुसऱ्या कोणत्याही नावाने बदलण्याची सोय दोन्ही वाटांसाठी, म्हणजे सांकेतिक शब्दासाठी आणि डीबग माहितीसाठी, एकत्र करून दिली. डेबियनने पॅकेज बांधण्याच्या फोल्डराला पूर्वी जोडली जाणारी यदृच्छ अक्षरे सोडून एकच स्थिर मार्ग स्वीकारला.

या सोयी हाती आल्यामुळे सारा मार्गच पुसून टाकण्याचा मोह काहींना होतो, आणि तो मला घातक वाटतो; कारण मार्ग पुसला की आवृत्ती आणि विभाग ओळखण्याचे साधनही त्याबरोबर जाते, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला उत्तर देणारा आंधळा होतो. यंत्राचा भाग काढावा, प्रकल्पाचा भाग राखावा. डॉटनेटमध्ये बिल्ड सर्व्हरवर योग्य तो पर्याय निवडला, तर यंत्राच्या फोल्डरांच्या जागी दोन तिरप्या रेघांमध्ये एक अधोरेषा एवढेच उरते, पुढील मार्ग अबाधित राहतो, आणि सोर्सलिंक ही जोडसोय तेवढ्यावरून डीबगराला गिटमधील नेमक्या नोंदीपर्यंत नेते. गो भाषेने सन २०१९मधील १.१३ या आवृत्तीत ‘ट्रिमपाथ’ हा पर्याय आणला: तो वापरून बांधलेल्या प्रोग्रॅमच्या त्रुटिसंदेशात, बाहेरून आणलेल्या प्रत्येक मॉड्यूलच्या फाइलीपुढे, बिल्ड सर्व्हरच्या फोल्डराऐवजी त्या मॉड्यूलचे नाव, ‘@’ चिन्ह आणि आवृत्तीचा क्रमांक छापलेला असतो.