जोडतारेचे अर्थकारण

शाळेला किंवा महाविद्यालयाला नवा संगणक मिळाला, की तो पेटीतून बाहेर निघणे हा तालुक्याच्या गावी एक लहानसा समारंभच असतो. पेण काय किंवा रोहा काय, दृश्य सारखेच. हार घातला जातो, नारळ फुटतो, दोन शब्द बोलले जातात. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, की नव्या यंत्राच्या पाठीमागचे भोक एका आकाराचे आहे आणि सभागृहाच्या भिंतीतून बाहेर आलेल्या तारेचे टोक दुसऱ्याच आकाराचे. प्रोजेक्टर चालू आहे, संगणक चालू आहे, विद्यार्थी बाकांवर बसले आहेत. परंतु पडदा कोराच राहतो. हजारो रुपयांची दोन यंत्रे दोनशे-तीनशे रुपयांच्या तारेवाचून एकमेकांशी बोलू शकत नाहीत. मग शिपायाला बाजारात पिटाळले जाते, तो एक 'कन्व्हर्टर' आणतो, आणि बहुधा तोही उलट्या दिशेचा निघतो.

हा प्रसंग हसून सोडून देण्याजोगा वाटतो. वस्तुतः त्याच्यामागे एक गंभीर आर्थिक प्रश्न उभा आहे. दोन वस्तूंनी एकमेकींशी कसे जुळावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि न जुळण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

रायगड जिल्ह्यातील वाचकाला हा प्रश्न रेल्वेवरून चटकन समजेल. पनवेलहून सुटलेली गाडी पेण ओलांडून रोह्याला पोचते. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू व्हावी असे ठरले आणि १९९८ साली तो मार्ग सलग खुला झाला. रूळ घालणारे व्यवस्थापन निराळे, हिशेब निराळे. परंतु दोन्हीकडे रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटरच असल्यामुळे रोह्याला हद्द बदलली हे झोपलेल्या प्रवाशाला कळतही नाही. याच जिल्ह्यात नेरळला मात्र माथेरानच्या प्रवाशाला सामान घेऊन खाली उतरावे लागते. कारण १९०७ साली सुरू झालेल्या त्या डोंगरी मार्गाचे रूळ अवघ्या दोन फुटांच्या अंतरावर आहेत. रोहा म्हणजे समान मानक आणि नेरळ म्हणजे 'कन्व्हर्टर' असे म्हटले, तर पुढील सर्व विवेचनाचे सार त्यात आले. अर्थात नेरळला निदान डोंगराचे कारण तरी होते.

संगणक आणि मॉनिटर यांच्यामधला पहिला खऱ्या अर्थाने सार्वत्रिक 'रूळ' १९८७ साली आयबीएम कंपनीने घातला. त्याचे नाव व्हीजीए. तीन ओळींत पंधरा पिना, दोन्ही बाजूंना घट्ट बसणारे स्क्रू, आणि पुढे ओळख म्हणून आलेला निळा रंग; हे टोक न पाहिलेला कारकून किंवा विद्यार्थी सापडणे कठीण. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांची तीव्रता कमीजास्त होणाऱ्या विद्युत्दाबाच्या रूपाने तारेतून वाहते आणि ओळ कोठे संपली, पडदा कोठे संपला हे सांगणारे दोन संकेत सोबत जातात. काचेच्या जाड नळीच्या पडद्यांसाठी ही व्यवस्था अगदी स्वाभाविक होती. नव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले, नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झाले आणि एका पिढीने हाताळलेले पहिले संगणक याच निळ्या टोकाचे होते.

व्हीजीएचा एक गुण आजही कबूल केला पाहिजे. ती तार बिघडते तीसुद्धा सभ्यपणे. पंधरा मीटर लांब तार घातली, तर अक्षरे थोडी पुसट होतात, रेषांना सावली येते, पण चित्र दिसत राहते. वर्गाच्या मागच्या बाकावरचा विद्यार्थी डोळे बारीक करून वाचतो. पुढे आलेल्या अंकीय पद्धतीत ही मधली अवस्था जवळजवळ नाहीच: चित्र स्वच्छ येते, नाहीतर ठिणग्यांसारखे ठिपके उडू लागतात आणि थोड्याच वेळात पडदा काळा होतो.

पडदे सपाट झाले तेव्हा व्हीजीएमधील विसंगती उघडी पडली. संगणकाच्या पोटात चित्र अंकांच्याच स्वरूपात असते आणि सपाट पडद्यालाही अंकच हवे असतात. मग मधल्या दीड मीटरसाठी त्या अंकांचे विद्युत्दाबात आणि पुन्हा दाबाचे अंकांत रूपांतर करण्याचे प्रयोजन काय? १९९९ साली इंटेल, आयबीएम इत्यादी कंपन्यांच्या गटाने डीव्हीआय हे मानक आणले ते हा द्राविडी प्राणायाम टाळण्यासाठी. पण जुन्यालाही सांभाळावे आणि नव्यालाही खूश करावे, अशा वृत्तीने त्याचे तीन प्रकार झाले आणि एकसारख्या दिसणाऱ्या टोकांतील चार पिना कोठे बसतात व कोठे अडतात हे पाहण्यातच ग्राहकाचा वेळ गेला. त्या मानकाबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरा संघर्ष त्यानंतरच्या दोघांचा आहे. डिसेंबर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची प्रभृती सात कंपन्यांनी एचडीएमआय जाहीर केले. हे प्रामुख्याने दूरचित्रवाणी संच विकणाऱ्यांचे अपत्य. एकोणीस पिनांच्या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, ही त्याची सोय निर्विवाद आहे. डिसप्लेपोर्ट हे २००६ सालचे, 'व्हेसा' या पडद्यांच्या मानकांचा विचार करणाऱ्या संस्थेचे; म्हणजे संगणकवाल्यांचे. आवाज त्यातूनही जातो. शिवाय माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविण्याच्या त्याच्या रीतीमुळे २०१० च्या आवृत्तीपासून एका तारेवर एकामागून एक असे अनेक मॉनिटर जोडता येऊ लागले.

फरक कोठे पडतो? १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा सेकंदाला साठ वेळा रंगवावयाचा आणि प्रत्येक ठिपक्याला चोवीस अंक द्यावयाचे, तर सेकंदाला सुमारे तीन अब्ज अंक तारेतून जावे लागतात. हे काम दोन्ही मानके सहज करतात. हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि धड्यांची चित्रे यांसाठी याहून अधिक कोणाला लागते? ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्याला हीच संख्या सुमारे बारा अब्जांवर जाते आणि तेथे आवृत्ती पाहावी लागते. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीवर असा पडदा सेकंदाला तीसच वेळा रंगतो, माउसचा बाण अडखळतो आणि मॉनिटर बिघडला असा समज होतो. २०१३ ची २.० आवृत्ती साठ वेळा रंगवू शकते. २०१७ च्या २.१ ने मर्यादा अठ्ठेचाळीस अब्जांवर नेली. डिसप्लेपोर्टने २०१९ मध्ये ऐंशी अब्जांचा पल्ला जाहीर केला. आकड्यांची ही शर्यत मनोरंजक असली, तरी पेणच्या महाविद्यालयाला तिच्यात उतरण्याचे कारण नाही.

त्याने पाहावे ते निराळेच. पेणमध्ये गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साचा आणि मूर्ती यांचा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. साचा एक, मूर्ती अनेक. आता कल्पना करावी, की प्रत्येक मूर्तीमागे साच्याच्या मालकाला काही पैसे पोचवावे लागतात आणि शिवाय वर्षाची ठोक रक्कमही भरावी लागते. एचडीएमआयचा व्यवहार असा आहे. मोठ्या उत्पादकाला वर्षाला दहा हजार डॉलर आणि नगामागे पंधरा सेंट अशी त्याची प्रसिद्ध झालेली आकारणी; बोधचिन्ह छापले की ती पाच सेंटांवर येते, आणि नकलप्रतिबंधाची योजना स्वीकारली की चार सेंटांवर. सवलतीच्या रूपाने वागणूक कशी वळविता येते याचा हा उत्तम नमुना अर्थशास्त्राच्या वर्गात जरूर सांगावा. व्हेसाने स्वतः डिसप्लेपोर्टवर नगामागे काही आकारले नाही. पण पेटंटधारकांच्या एका गटाने २०१५ साली नगामागे वीस सेंटांची मागणी पुढे केलीच. तेव्हा 'फुकट' आणि 'महाग' असा सरळ भेद येथेही करता येत नाही.

रक्कम क्षुल्लक आहे हे खरे. प्रश्न सत्तेचा आहे. एएमडी कंपनीला आपल्या चित्रकार्डांसाठी एचडीएमआय २.१ चा आधार मुक्त, सर्वांना वाचता येईल अशा आज्ञावलीत द्यावयाचा होता. २०२४ साली मानकाच्या मालकसंस्थेने तो प्रस्ताव नाकारला. परवाना-शुल्क वाचावे म्हणून जी शाळा लिनक्स वापरते, तिच्यापर्यंत या नकाराची झळ पोचते.

मग चांगल्या मानकाने बाजार का जिंकला नाही? पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळांच्या मांडणीवरून या कोड्याचे एक उत्तर दिले आहे: आधी जे पसरले, तेच पुढेही पसरत राहते. घरोघरी दूरचित्रवाणी संच, आणि त्यांना एचडीएमआय. म्हणून प्रोजेक्टरलाही तेच, म्हणून स्वस्त लॅपटॉपलाही तेच, म्हणून पेणच्या दुकानातही तीच केबल. डिसप्लेपोर्टची केबल मागितली, तर दुकानदार ती मुंबईहून मागवून देतो. इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो आदी कंपन्यांनी डिसेंबर २०१० मध्ये व्हीजीए २०१५ पर्यंत निकालात काढण्याचा संकल्प सोडला होता. भिंतीत गाडलेल्या निळ्या टोकांना तो संकल्प अद्याप कळलेला नाही.

या गोंधळावर रामबाण म्हणून २०१४ साली यूएसबी-सी आले. चोवीस पिनांचे चिमुकले, उलटसुलट कसेही बसणारे टोक. त्यातूनच वीज, त्यातूनच माहिती आणि सोय असेल तर डिसप्लेपोर्टचे चित्रही. 'सोय असेल तर' हे तीन शब्दच घातक आहेत. पूर्वी टोक पाहून कळत असे, की हे जुळणार नाही. आता टोक जुळते, पण चित्र येतेच असे नाही. कारण एखादी केबल केवळ फोन भारित करण्यापुरती असते, एखादे भोक केवळ माहितीपुरते. जॉर्ज अकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून जे दाखविले तेच येथे घडते: विकणाऱ्याला माल माहीत, घेणाऱ्याला नाही, आणि त्यामुळे निकृष्ट माल चांगल्याला हुसकावतो. एचडीएमआयनेही २.० हे नाव रद्द करून सर्व नव्या यंत्रांवर २.१ लिहिण्याची मुभा दिली आणि २.१ ची बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक ठेवली. पाटी बदलली, माल तोच.

मानक ठरविण्याचे काम राज्यसंस्था करू शकते, याचे उदाहरण शोधण्यासाठी रोहेकरांना दूर जावे लागत नाही. रोह्याशी निकटचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ साली, दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. तेव्हा हिशेब जुळविताना कोणाला तरी पाव पैशाची खोट बसणारच होती. दोन्ही नाणी काही वर्षे सोबत चालली, रूपांतराची कोष्टके दुकानादुकानांत टांगली गेली. तो त्या काळचा 'कन्व्हर्टर'. परंतु निर्णय संसदेत झाला होता, तारीख आधी जाहीर झाली होती आणि कोणालाही नाण्यामागे स्वामित्वशुल्क द्यावयाचे नव्हते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाईलना यूएसबी-सीची सक्ती केली ती याच जातीची. भारतीय मानक ब्यूरोनेही जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. चित्राची तार मात्र खाजगी मंडळांच्याच हाती आहे.

तोवर खरेदीचा कागद तयार करणाऱ्या कारकुनाच्या हाती बरेच काही आहे. 'मॉनिटर व योग्य ती केबल' असे मोघम लिहिले, की सर्वांत कमी दराची निविदा येते आणि तिच्याबरोबर सर्वांत हलकी तार. तारेची लांबी, दोन्ही टोकांची नावे आणि किती ठिपक्यांचे चित्र सेकंदाला किती वेळा हवे, एवढे लिहिले तरी पुष्कळ. 'कन्व्हर्टर' लिहिताना दिशा लिहावी: संगणकाच्या एचडीएमआयमधून प्रोजेक्टरच्या व्हीजीएत जाणारा आणि त्याच्या उलट जाणारा, हे दोन निराळे नग आहेत आणि दिसतात मात्र जुळ्या भावांसारखे. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकासाठी चौपट किंमत मोजू नये. चित्र त्याने उजळत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत पिना गंजू नयेत एवढाच त्याचा उपयोग, आणि तेवढा मुलामा बेताच्या किमतीच्या तारेवरही मिळतो.

आणि भिंत पुन्हा फोडण्याची वेळ आलीच, तर तार थेट गिलाव्यात गाडू नये. रुंद नळी घालावी आणि तिच्यात एक रिकामी दोरी सोडून ठेवावी; पुढची तार, ती कोणत्याही टोकाची असो, त्या दोरीला बांधून ओढून घेता येते.