हाडाचा नासूर आणि विरघळणारे मणी

आम्ही काही डॉक्टर नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. मग हाडांच्या रोगावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. यंत्रात सापडून पाय मोडतो तो कामगाराचा, आणि मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले की त्यात जंतू शिरण्याची धास्ती असते. रोग मुरला म्हणजे जखम वरून भरते, पुन्हा फुटते, पू वाहत राहतो. महिने जातात, कधी वर्षेही. यालाच आपण नासूर म्हणतो.

इतकी जालीम औषधे असता हा रोग हटत का नाही? औषध गोळीने घ्या वा सुईने, ते हाडापर्यंत पोहोचते रक्तावाटे. परंतु जंतूंनी ग्रासलेल्या हाडाचा काही भाग मरतो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. खाली नळाला पाणी आहे, पण चाळीच्या वरच्या मजल्यावर चढत नाही, तशातली गत! शिवाय मेलेल्या हाडावर किंवा बसवलेल्या धातूच्या पट्टीवर जंतू स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्याआडच्या जंतूंना मारण्यास कितीतरी पट अधिक औषध लागते. जेंटामायसिनसारखे औषध तेवढ्या प्रमाणात रक्तात गेले, तर मूत्रपिंडांना व कानांना इजा होते.

नळ चढत नसेल तर घागर वर नेली पाहिजे. म्हणजे, मेलेले हाड काढून त्या पोकळीतच औषध ठेवावयाचे. १९७० साली जर्मनीत बुखहोल्ट्झ व एंगेलब्रेख्ट यांनी कृत्रिम सांधे बसवण्याच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्याच सिमेंटचे मणी तारेत ओवून पोकळीत ठेवू लागले. हे सिमेंट म्हणजे दातांच्या कवळीच्या ॲक्रिलिकचेच भावंड. उपाय गुणकारी ठरला. पण मणी विरघळत नाहीत. बरेचसे औषध आतच अडकून राहते, आणि झिरपणे मंदावले की मण्यावरच जंतू ठाण मांडू शकतात. म्हणून ते काढण्यास बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ज्याचे घर रोजंदारीवर चालते, त्याला तिचा अर्थ सांगावयास नको.

येथे विरघळणाऱ्या पदार्थांचे महत्त्व कळते. त्यांतला जुना पदार्थ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: प्लास्टर ऑफ पॅरिस! ड्रेस्मन या जर्मन शल्यवैद्यांनी १८९२ साली कार्बॉलिक मिसळलेल्या प्लास्टरने हाडांच्या पोकळ्या भरल्याचे नमूद केले होते. आज त्याच जातीच्या, पण अतिशुद्ध व निर्जंतुक केलेल्या कॅल्शियम सल्फेटमध्ये जेंटामायसिन, टोब्रामायसिन किंवा व्हँकोमायसिन कालवून मणी पाडतात. शरीरात ते काही आठवड्यांत विरघळतात आणि औषध जागच्या जागी सुटते. मणी काढण्यासाठी पुन्हा पोट बांधून इस्पितळात पडणे नको. कॅल्शियम फॉस्फेट अधिक सावकाश झिजते व नव्या हाडाला आधार देते, म्हणून दोहोंचे मिश्रणही वापरतात. कोलॅजेनचा स्पंजही आहे. तो औषध लवकर सोडून देतो.

तथापि ही जादू नव्हे. मेलेले हाड नीट काढले नाही, तर मणी कितीही भरा, व्यर्थ. पोटातून किंवा शिरेतून औषधही बहुधा घ्यावेच लागते. कॅल्शियम सल्फेट विरघळताना जखमेतून काही दिवस पाण्यासारखा स्राव येऊ शकतो. क्वचित रक्तातील कॅल्शियम वाढते. ते भार पेलत नाही, म्हणून मोडलेल्या हाडाला वेगळा आधार लागतो.

तेव्हा आपल्यापैकी कोणावर हा प्रसंग आला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: मेलेले हाड सारे निघाले काय? आत ठेवलेले औषध विरघळणारे आहे काय? नसल्यास ते केव्हा काढणार? विचारण्यात उद्धटपणा नाही. पाय आपला आहे, आणि कामाचे बुडणारे दिवसही आपलेच आहेत.